आधीच लावलेली दारं

पहिली पेटी तीन नमुने देते,
दुसरी एका घासाला दोनच घेते.
म्हणून ही दोनदा, ती तीनदा;
मधल्या खणात काही उरत नाही.

हे सगळं मी वेर्ण्यातच लावून ठेवते.
चिपनं नंतर ‘आता कोण?’ विचारायचं नाही,
विचारण्यातच बॅटरी जाते.

कुठ्ठाळीचा सांतानही
चंद्र बघून मानशीची आठवडाभराची दारं
ठरवून मोकळा होतो.
फळीवर पाणी कसं वाजायचं, म्हणतो, विसरलो.

एका वळशात दोन पेट्या
एकमेकींची वाट बघत अडल्या होत्या.
तिथं मी हातानं एक शून्य ठेवलं.

सोमवारी यंत्र त्याच्या कानात जाईल.
पहिल्यांदा ऐकू येईल
ते माझं शून्य.
मग खाडी.