शाळू, पाच किलो

गिरणीचा पट्टा फिरू लागला की मोठ्यानं बोलावं लागतं,
म्हणून उत्तरेश्वर पेठेतली प्रत्येक गोष्ट
आधी माझ्या दारात ओरडून होते
आणि मग घराघरात कुजबुजून.

अनसूया नेजदारला नेलं त्या मंगळवारी
रांगेत अकरा डबे होते.
तिचा दीर पहाटे सीपीआरमध्ये गेला होता.
पहिला प्रश्न विषाचा नव्हताच,
रश्शाचा होता.
तांबड्यात घातलं असंल का पांढऱ्यात?
तांबड्यातच गा, तिखटात काय बी खपतंय.
न्हाई, पांढरा ती सोता करायची, खसखस वाटून.
अर्धा तास हेच.
मधेच कुणीतरी म्हणालं, खसखस लई महागली.

मग बाईवर आले.
सुतारवहिनी म्हणाल्या, रडली न्हाई.
गाडीत चढता चढता मागं फिरली,
कशाला, तर चपला घालायला.
काळीज जाग्यावर असलेल्या बाईला
अशा वक्ताला चपला आठवतील?
सकटे मास्तर म्हणाले, उलट आहे,
काळीज जाग्यावर असलं तरच आठवतात.
वाद बराच झाला आणि दोघांचं एकमत झालं:
तीच.

कोण म्हणालं, मांजराला दूध घालायची हो रोज.
कोण म्हणालं, ते मांजर कुठंय आता?
सगळे गप्प.
मांजर माझ्या पोत्यांवर झोपलं होतं.
एकानं जवळ जाऊन
त्याचं पोट हलतंय का बघितलं.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो,
कमी बोलायची.
शपथ, एवढंच. पट्टा चालू होता.
शुक्रवारी माझं ते वाक्य
गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावरून परत आलं,
अंगानं भरलेलं, मिशा फुटलेलं:
गिरणवाल्यालाबी भ्या वाटायचं म्हणं तिचं.
मी ओळखलंच नाही.
जत्रेत आपलंच पोरगं
परक्याच्या खांद्यावर दिसावं, तसं झालं.

खरं म्हणजे ती पिठाच्या धारेखाली हात धरायची.
गरम येतंय दादा, दगडाला टाकी लावून घ्या, म्हणायची.
सुट्टे दोनदा मोजायची.
येतो, म्हणून जायची, आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी.
ह्यातून काय निघतं?
बावीस वर्षं मी माणसांची दळणं दळतो,
कोण जाड दळतं, कोण बारीक, एवढं सांगीन.

एक गोष्ट मात्र कुणाला बोललो नाही.
जात्यामागच्या फळीवर, मारुतीच्या फोटोखाली,
माझ्या उंदरांच्या औषधाच्या पुड्या असतात.
ती तिथंच उभी राहायची, फळीपासून हातभर.
त्या दुपारी रांग संपल्यावर मी पुड्या मोजल्या.
सात.
आधी किती होत्या ते माहीत असतं
तर मोजण्याला अर्थ होता.
मग फोटो पुसला. फळी धुतली. उगाचच दोनदा धुतली.
माझा स्वभाव कसा आहे
हे अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही.

तिचा डबा इथंच आहे.
झाकणावर खडूनं, माझ्या अक्षरात:
नेजदार, शाळू, पाच किलो.
बायको म्हणते, पंचगंगेत सोडून या.
हवालदार हंचनाळे येऊन गेला,
स्वतःचे गहू घेऊन गेला,
रव्यासारखे दळा म्हणाला,
डब्याकडं बघितलंसुद्धा नाही.
रात्री शटर ओढलं की उंदीर
त्याच डब्याभोवती फिरत राहतात.
त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

तारीख पुढच्या महिन्याची पडलीय म्हणतात.
शाळूचं पीठ तेवढं थांबत नाही,
त्याची विरी जाते.
मग किती जरी मळलं
तरी भाकरी थापताना काठाला चिरत जाते.
दळणाचे पैसे यायचे आहेत अजून.