घोड्याचा व्हॉल्व्ह

कॅम्पात रस्ता उकरून तीन दिवस झाले.
तांबडी माती, तिच्यात केबलींचा गुंता,
आणि माझ्या टॅबवर एक सरळ निळी रेघ
जी जमिनीत कुठंच नाही.

शेवटी साहेबच म्हणाले, सांबरेकरला आणा.
कल्लाप्पा सांबरेकर, व्हॉल्व्हमन,
निवृत्त होऊन एकोणीस वर्षं.
नातवाच्या स्कूटरवर मागं बसून आला,
मांडीवर आडवी सळई, गोणपाटात गुंडाळलेली.

चहा नको म्हणाला.
सळईचं एक टोक डांबरावर, दुसरं कानाला,
डोळे मिटले.
रिक्षा थांबल्या नाहीत. कशाला थांबतील?
जेसीबीच्या पोरानं तेवढं इंजिन बंद केलं.

"हितं मेजरचा बंगला व्हता.
घोड्यांस्नी चारला पाणी लागायचं.
बा माझा साडेतीनला उठायचा."

मेजर गेला, घोडे गेले,
साडेतीन राहिले.
बंगल्यात कचेरी आली, मग शाळा, आता काचेचं शोरूम:
रात्रभर नव्या गाड्या उजेडात उभ्या,
कुणी न बसलेल्या.

"राज्य बदललं तवा पगारपत्रक कन्नडात आलं.
बाला वाचता येईना. आकडा बघितला.
आकडा मातर तेवढाच."
हसला, मग बराच वेळ खोकला.

"ह्या अंगाला. दोन हात. हळू, बाबा, हळू."

अडीच फुटांवर बिडाचं झाकण,
कुठल्याशा थंड गावाचं नाव त्यावर,
अर्धं गंजलेलं.
चावी? ती त्यानं निवृत्तीदिवशीच जमा केली होती,
पावती आहे म्हणाला घरी.
मग पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो.
"उलटा फिरवा. ह्यो तेवढा उलटा हाय."

फिरला.

नोंदीत नाव हवं होतं, कन्नड नि इंग्रजी,
तिसरा रकाना नव्हता.
"घोड्याचा," तो म्हणाला.
मी कन्नडात 'कुदुरे' लिहिलं, वाचून दाखवलं.
"हां. कुदुरे. बरोबर."
खालची ओळ मी वाचली नाही:
जुनी वाहिनी सोडून देणे.

नातवानं स्कूटर चालू केली.
म्हातारा पुन्हा वाकलेला, सळई कानाला.
"आता काय ऐकताय?"
"काय न्हाय.
बंद झालं का बघतो."