दोन बोटं राख

अत-बाशीत एप्रिलमध्येही बर्फ असतो,
शाळेतला खडू मात्र मार्चमध्येच संपतो.
म्हणून आठवीचा तास मी अंगणात घेतला.
तळाला भोक पाडलेले चार ट्रे, खाली चार प्याले,
सेकंदकाटा मोडलेलं एक घड्याळ,
आणि शेगडीतून खरवडलेली
मेंढ्यांच्या लेंड्यांची राख.

म्हटलं, आज एकच गोष्ट बदलायची. एकच.
जी आपल्या हाताने बदलतो ते स्वतंत्र चल: राख.
जे तिच्यामागून बदलतं ते अवलंबी:
प्याल्यात साचलेलं पाणी.
"आणि जे बदलू द्यायचं नाही, ते?"
कुंदुझने विचारलं.
एकाच ढिगातला बर्फ, पट्टीने मोजलेला,
एकच भिंत, एकच ऊन.
ते राखायचं. कोकरू राखतेस ना, तसं.

मग गृहीतक.
या शब्दापाशी मी दरवर्षी अडखळते.
गृहीत धरणं ही तर आमची जुनी खोड:
मुलगा शिकला की बिश्केकला जाणार,
मुलगी शिकली की तिला मागणी येणार,
रस्ता पुढच्या वर्षी नक्की होणार.
गृहीतक म्हणजे ते नव्हे.
आपलं म्हणणं उन्हात मांडायचं
आणि दोन पावलं मागे सरून उभं राहायचं,
हरायची तयारी ठेवून.
जर-तरला काय अर्थ, म्हणतात मोठी माणसं.
इथे सगळा अर्थ त्या दोन शब्दांतच.

सियमिकने लिहिलं:
जर बर्फावर राख टाकली, तर तो लवकर वितळेल.
कारण काळी मेंढी उन्हात आधी धापा टाकते.
नुरझादाने लिहिलं:
जर राख टाकली, तर तो उशिरा वितळेल.
कारण आई रात्री निखारे राखेत पुरते
आणि सकाळी ते जिवंत असतात.
मी दोन्ही वह्या वाचल्या, दोन्ही खऱ्या वाटल्या.
काही बोलले नाही.
हे न बोलणं शिकायला मला अकरा वर्षं लागली.

तासाभराने, नुसत्या बर्फाखाली
दोघांकडेही अर्धा प्याला.
राखेखाली सियमिककडे दीड,
नुरझादाकडे चमचाभर.

मग जे व्हायचं ते झालं.
तू ट्रे सावलीत सरकवलास.
तू फुंकर घातलीस.
तुझा बर्फ शिळा.
तुझा मामा खोटारडा.
(मामाचा इथे काय संबंध, हे कुणीच विचारलं नाही.
तोही आम्ही न मोजलेला एक चल असावा.)

कुंदुझ तेवढी गप्प होती.
तिने जाऊन सियमिकच्या राखेत बोट टेकवलं:
नखही बुडेना.
नुरझादाच्या राखेत टेकवलं:
दोन पेरं आत.
एकाने भुरभुरवली होती, मांसावर मीठ टाकतात तशी.
दुसरीने नीट पांघरली होती,
कडा दाबून,
घरी दाबतात तशी.

"एजे," ती म्हणाली,
"फळ्यावर 'राख' लिहिलंय.
'किती' लिहिलेलं नाही."

अक्षर माझंच होतं.
तेवढासा उरलेला खडू बोटांत धरून
मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.
ऊन भिंतीवरून वर चढत चाललं होतं
आणि ते तर आम्ही स्थिर म्हणून लिहिलं होतं.

नुरझादाने काही खोडलं नाही.
खाली नवी ओळ सुरू केली: जर चिमूटभर,
जर एक बोट, जर दोन,
आणि 'तर'पुढची जागा मोकळी सोडली.
तिच्याकडे न बघता
सियमिकने रिकामा ट्रे उचलला,
ढिगाच्या दिशेने चार पावलं गेला, थांबला,
आणि म्हणाला, "चल.
ऊन जातंय."