खिळेवाल्याची वही

लकडगंजात माझं खिळ्यांचं दुकान.
अर्ध्या इंचापासून सहा इंचापर्यंत, किलोवर.

समोर लटारी मिस्त्री, मूळचे सिंदेवाहीचे.
एकतीस वर्षांत माझ्याकडून त्यांनी
चहा घेतला, एकदा छत्री नेली, परतही केली.
खिळा नाही.

सुरुवातीला मला ते वैर वाटलं.
मग बघत बसायची सवय लागली:
गुण्या लावून रेघ, विंधण्यानं खाच,
कुसू तासता तासता मध्येच लाकूड हुंगणार,
आणि शेवटी मोगरीचा एकच ठोका.
रस्त्यापलीकडून, ट्रकच्या हॉर्नमधूनही
मला कळायचं, बसलं.

मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीला,
कुसू जरा सैल ठेवत.
मी म्हटलं, हालते ना हे.
"हालू दे आत्ता. आखाडात पाणी पिऊन फुगते थे.
आज ठासून बसवलं त मंग तडकंन."

मागे आर्किटेक्चरच्या एका पोरीनं
मोबाइलवर जगभरचे सांधे आणले होते.
मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी धरला.
जपानचं देऊळ बघून म्हणाले,
"इथं भुई हालत असंन."
नॉर्वेचं चर्च बघून:
"छप्पर लयच उभं. वरतून काय पडते, गारा?"
बर्फ, ती म्हणाली.
"हं. मंग बरोबर हाये."
चीनच्या कुठल्याशा तुळईवर मात्र थांबले.
बोटांनी फोटो मोठा करायला तिनंच शिकवलं.
"हा डावखुरा होता," म्हणाले,
आणि स्वतःचा डावा हात
उगाच पँटला पुसला.

परवा दुकानात आले.
"एक खिळा द्या. तीन इंची."
एकच?
"एकच."
मी पैसे घेतले नाहीत.
खरं सांगतो, आनंद व्हायला हवा होता,
पण दुपारभर गिऱ्हाइकांना चुकीची मापं दिली.

सात वाजता शटर अर्धं ओढून पलीकडे गेलो.
खिळ्याचं टोक दगडावर घासून
सुईसारखं केलेलं.
त्यानं ते सागावर रेघ ओढत होते,
आणि ओढलेल्या रेघेवरून
अंगठा फिरवत होते, हळू, परत परत.
"पेन्सिलची आता दिसत नाही, शेठ.
हे लागते बोटाले."

रात्री वहीत लिहिलं:
लटारी मिस्त्री, खिळा एक, तीन इंची.
पुढे रकमेची जागा
सोडली तशीच.