साकु

छाटणीनंतरच्या साठाव्या दिवशी
तेलसंगच्या बागेतून गंगव्वानं आणलेला घड
मी अथणीच्या प्रयोगशाळेत
लाल रंगाच्या पाण्यात उभा केला.
देठ बुडेल इतकंच पाणी, लोणच्याच्या बरणीत.

तासाभरानं ब्लेडनं मणी चिरला.
हरभऱ्याएवढा, हिरवा, जीभ आखडेल इतका आंबट.
पण देठातून बियांपर्यंत लाल रेघ गेलेली,
आणि सालीखाली जाळं,
बारीक, खूप बारीक,
फूल उमलण्याआधीच आखून ठेवलेलं.
गोडी अजून कुणाला ठाऊक नाही
आणि वाटा तयार.

मग मणी फुगत गेला.
नळ्यांमधल्या बांगड्या
एकमेकींपासून लांब सरकल्या,
वेटोळी उलगडून ताणली गेली.
रोज एक काचपट्टी, रोज थोडं जास्त अंतर.

नव्वदाव्या दिवशी गंगव्वा दारातूनच ओरडली,
पाणी उतरलं!
मणी मऊ पडलेले, काचेसारखे झालेले,
आख्ख्या शिवारात तोच शब्द.
आणि नेमका त्याच दिवशी
माझा लाल रंग
देठाच्या टोकाशी येऊन थांबला.

पुस्तकात लिहिलंय, ताणून ताणून नळ्या तुटतात.
मी एकशे बारा काचपट्ट्या पाहिल्या.
तुटल्या होत्या थोड्या. बाकीच्या
जशाच्या तशा उभ्या, रिकाम्या नव्हे, नुसत्या शांत.
शेजारच्या रसवाहिनीतून मात्र
साखर येत होती, पानापानांतून,
आपलं पाणी बरोबर घेऊन.

गंगव्वानं एक डोळा मिटून भिंगातून पाहिलं.
तुटलं नाही की गं हे?
नाही.
मग येत का नाही पाणी?
खालून येईल, पण मणी ओढत नाही, मावशी.

ती स्टुलावर बसली. मी चहा ओतत होते.
कप अर्धा झाला तशी
तिनं वर आडवा हात धरला.
साकु, म्हणाली.

रंग न लागलेला एक मणी तिनं तोंडात टाकला,
बी दातांत धरून बघितली,
अजून वीस दिवस, म्हणाली, आणि गेली,
पाचची तेलसंग गाडी होती.

वहीत, निरीक्षण: बहुतेक नळ्या शाबूत.
कारणाच्या रकान्यात मी तिचाच शब्द लिहिला.
मगदूम सरांनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली,
बाजूला प्रश्नचिन्ह काढलं,
मग खोडरबरानं
ते अर्धवट पुसलं.