मापाबाहेरची मूठ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुकांतीने मला ओळखलं ते नखांवरून.
"बोटं लाल तुझी. तूही सोलं घालतेस?"
घालते, म्हटलं. पण उन्हात नाही,
ताळगावच्या पठारावर, एसीच्या खोलीत,
मेथॅनॉलमध्ये.
ती हसली. तिला ते फेणीच्या घराण्यातलं वाटलं असावं.
तसं ते आहेही, दूरचं, वाईट वळणाचं.

दोन किलो भिरंडांची सालं
वाळवून, दळून, भिजवून, गाळून
शेवटी कुपीच्या तळाशी उरते
चिमूटभर पिवळी भुकटी,
सगळा लाल रंग वाटेत टाकून आलेली.
गार्सिनॉल.
हे नाव मी बाजारात कधी घेत नाही,
भाव वाढेल म्हणून.

आमच्याकडे पेशी वाढतात कुणा एका बाईच्या.
बाई केव्हाच गेली,
तिची गाठ मात्र मरायचं विसरली.
सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात
ती अजून दुपटीने वाढते आहे.
तिच्यावर मी भिरंडाचा अंश सोडते
आणि दुसऱ्या सकाळी भिंगातून बघते:
पेशी आक्रसलेल्या, कडांना फोड आलेले,
काल जत्रा होती तिथे आज
उठून गेलेल्या दुकानांची जागा.

एवढंच पाहिलंय मी. बशीत.
आणि मात्रा वाढवली तेव्हा
शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशीही गेल्या.
हे पेपरात आलं नाही.

पेपर सुकांतीकडे होता,
चार घड्या घालून, कमरेच्या पिशवीत, सुट्या नाण्यांसोबत.
तिचा पुनो पाडेली. चाळीस वर्षं माडांवर,
कधी घसरला नाही.
आता अन्ननळीत गाठ, बांबोळीला तिसरं सलाईन.
"किती देऊ? वाटीभर? उपाशीपोटी?
तू करतेस ना हे, तू सांग."

मी मनात आकडे मांडले.
बशीला जेवढं पुरलं
तेवढं पुनोच्या रक्तात पोचवायचं,
तर पोट हा पहिला नाका, यकृत दुसरा,
पत्रादेवीला ट्रक उतरवून तपासावा
तसं प्रत्येक ठिकाणी काही ना काही काढून घेतात.
गाठीच्या दारात काय पोचेल?
पोचलं तर कोणाला मारेल?

सलाईन चुकवू नकोस, म्हटलं.
औषध म्हणून काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचार.
"म्हणजे तुका खबर ना."
ना, म्हटलं.
मागे कुणीतरी सुंगटांच्या वाट्यावरून भांडत होतं,
ते बराच वेळ ऐकत उभ्या राहिलो आम्ही.

पुढच्या शुक्रवारी तिनेच हाक मारली.
डॉक्टर म्हणाले होते, औषध नव्हे,
पण घोटभर तिवळ पोटाला सोसलं तर घेऊ दे.
दोन महिने त्याला भात वाळूसारखा लागत होता,
बांगडा लोखंडासारखा, पाणीसुद्धा गंजलेलं.
तिवळाचा घोट त्याने तोंडात धरून ठेवला.
मग म्हणाला, आंबट.
मग म्हणाला, मीठ कमी पडलंय,
लग्नाला एकतीस वर्षं झाली, अजून हिला अंदाज नाही.

हे सांगताना ती इतकी चिडली होती
की डोळे पुसायचे तिच्या लक्षात आलं नाही.

माझ्या वहीत रकाने आहेत:
मात्रा, तास, जिवंत पेशींची टक्केवारी.
मी पेन काढलं आणि परत ठेवलं.

प्रयोगशाळेसाठी दोन किलो तोलून झाल्यावर
तिने वर एक मूठ टाकली.
"ही मापात धरू नकोस."

धरली नाही.
गाडीत बसल्याबसल्या
त्यातलं एक नखाने फोडलं,
मीठ नव्हतं, तसंच चोखलं,
दात आंबेपर्यंत.