नेम

एनॉकच्या दुकानात काचेखाली हिरवी बनात,
तिच्यावर पाच रिव्हॉल्वर,
दंतवैद्याच्या हत्यारांसारखी ओळीनं.
बाहेर बिटररूटचा वारा पाटी बडवतोय.
मी म्हणते, एकच घ्यायचंय,
निशाणाला तेच, हरणाला तेच.
पेन्शनमध्ये दोन बसत नाहीत.

कुठलं आवडतं, हे तो विचारत नाही.
म्हणतो, "आयोना, हात दाखव."
हात दाखवून अवलक्षण:
एकोणतीस वर्षं शाळेची बस वळवून
वाकडा झालेला अंगठा,
थंडीत कुरकुरणारं मनगट.

बावीस तो आधीच बाजूला सारतो.
"गोड आहे. दिवसभर उडव, मनगट कुरकुरणार नाही.
पण हरणाला हे म्हणजे नुसती चौकशी."

मग चव्वेचाळीस मॅग्नम.
उचललं, आणि तळहातात लेलंड आला,
माझा भाऊ, मोठ्या आवाजाचा.
गेल्या नोव्हेंबरात त्यानं त्याचं असंच एक
माझ्या हाती दिलं होतं.
"मोठी गोळी चूक पोटात घालते," म्हणाला.
पोटातच गेली ती.
हरणी वाकली, उठली,
लार्चच्या पिवळ्या सुयांवरून
ओढ्याकडे उतरली.
रात्री साडेनऊपर्यंत आम्ही टॉर्च घेऊन
पानांच्या मागच्या बाजू तपासत होतो.
एक थेंब. बारा पावलांवर आणखी एक.
मग बर्फ पडायला लागलं
आणि सगळं पुसून लख्ख करून गेलं,
घरी पाहुणे यायचे असल्यासारखं.

हे मी एनॉकला सांगत नाही.
तो मला दुकानामागे नेतो,
मातीच्या बांधापुढे, तिथे खुंट्यांवर कागदी ताटल्या.
पाठ फिरवून चकरीची सहा घरं भरतो,
बंद करून चव्वेचाळीस माझ्या हातात देतो.
पहिला बार. दुसरा.
ताटली जशीच्या तशी, खाली माती उडालेली.
तिसऱ्याला चाप ओढला
आणि टक्.
एवढंच. रिकामं घर.
पण नळीनं मान खाली टाकली होती,
न झालेल्या आवाजाला भिऊन.
फुसका बार इतका मोठ्यानं
मी कधी ऐकला नव्हता.

एनॉकनं खिशातून बदाम काढला,
अर्धा मला दिला.
"हरणी ओढ्याकडे गेली ना?"
एवढंच विचारलं.
गावात सगळं कळतं.

घेतलं ते तीनशे सत्तावन्न.
त्याच्या घरात अडतीसचं काडतूसही राहतं,
मसुराच्या दाण्याएवढं आखूड,
थोरल्याचा कोट घातलेल्या धाकट्यासारखं.
हिवाळाभर अडतीसच.
आठवड्याला पन्नास,
आणि मधूनच एक घर रिकामं,
न बघता चकरी फिरवून,
मीच मला पकडायला.
मे महिन्यात नळी पहिल्यांदा जागची हलली नाही.
तेव्हा तीनशे सत्तावन्न भरलं. पुन्हा दचकले.
पुन्हा अडतीस. जून असाच गेला.
लेलंड फोनवर हसला, "बायकी काडतुसं."
मी म्हटलं, तुझी ताटली पाठव टपालानं.
अजून आलेली नाही.

तीस पावलं. त्यापुढे नाही.
हा नेम धरलेला नाही, केलेला आहे.

ऑक्टोबरात, नारिंगी जाकिटात,
पाँडेरोसाच्या बुंध्याला टेकून बसले होते.
ऊन लागलं की त्या सालीला व्हॅनिलाचा वास येतो.
एक नर आला, तिरपा उभा राहिला,
एक कान माझ्याकडे, एक स्वतःच्या कामाकडे.
घोडा ओढला. नळी स्थिर.
इतकी स्थिर की मलाच हेवा वाटला.
मग घोडा अंगठ्यानं,
त्याच वाकड्या अंगठ्यानं,
हळूच परत बसवला.

तो गेल्यावर पावलं मोजली.
चौतीस.
"चार पावलांसाठी?" लेलंड ओरडला.
हो, चार पावलांसाठी.
थर्मासमधली कॉफी अजून गरम होती,
ती मी तिथेच,
त्याच्या खुरांच्या खुणांशेजारी बसून प्याले.